पाण्यावरचं हॉटेल

पणजी,
१४ जून २००९

तीर्थरूप तात्यांस तेजस्वीचा शि. सा. नमस्कार.

मी इथं खुशाल आहे. आईचे गुडघे, तुमचा खोकला आणि गाभण म्हैस, तिघांचीही खुशाली कळवावी. फोनवर तुम्ही नुसतं "बरं" म्हणता आणि फोन आईच्या हातात देता, म्हणून पत्र लिहायचं ठरवलं. पत्र तुम्हालाच वाचावं लागेल.

तात्या, नोकरी लागली. मोठं हॉटेल आहे, आणि तेही मांडवी नदीत, बोटीवर. धक्क्यावरून छोट्या बोटीत बसून जावं लागतं. मुलाखतीला दिल्ली, मुंबई, शिलाँग, कुठकुठच्या पोरी होत्या. त्यांचं इंग्रजी ऐकून मला घाम फुटला होता. मग तोंडी हिशेब घातले. दूध संस्थेत फॅटवर दर काढताना तुम्ही मला कधी कॅल्क्युलेटरला हात लावू दिला नाहीत, त्याचं तिथं चीज झालं. माझं नाव सगळ्यांत आधी पुकारलं.

काम टेबलावरचं आहे. गिऱ्हाईक येऊन बसतं, त्याला आपण वाटायचं. गणवेश छान आहे, पांढरा शर्ट आणि वर काळं जाकीट. खिसा मात्र एकही नाही. या लोकांची काहीतरी फॅशन असेल.

राहायला सध्या पर्वरीला बाळासोदादाकडे आहे. आपल्या गल्लीतला माणूस इथं भाजीची गाडी चालवतो हे किती बरं झालं. वहिनी माया करतात, पण खोली एकच. तिघांनी कूस बदलायची तर एकमेकांना सांगून बदलावी लागते.

तुमची अट पाठ आहे. दिवाळीपर्यंत पक्की नोकरी आणि चारचौघांत सांगता येईल अशी स्वतःची खोली. यातलं एक जरी नसलं तर परत यायचं आणि कुरुंदवाडच्या स्थळाला होकार द्यायचा. सध्या मी शिकाऊ आहे. पण पैज तुम्ही हरणार, हे आत्ताच सांगून ठेवते.

तुमची आज्ञाधारक,
तेजस्वी

पणजी,
१० ऑगस्ट २००९

ती. तात्यांस सा. नमस्कार.

रेडकू झालं हे कळून आनंद झाला. आईला म्हणावं, खरवसाची आठवण काढून मी इथं नुसता चहा प्याले.

बाळासोदादा गावी येऊन गेला. तो सांगत होता की श्रावण म्हणून पारावर पत्त्यांचा डाव रंगला होता, तो तुम्ही उधळून लावलात आणि पत्ते विहिरीत टाकलेत. आकारामकाका अजून तुमच्याशी बोलत नाहीत म्हणे. तुमचं म्हणणं बरोबरच आहे. तरी माणसाचं वय बघून थोडं सबुरीनं घ्यावं, असं मला वाटतं. काकांचं वय बघून नव्हे, तुमच्या खोकल्याचं वय बघून म्हणतेय.

काम उत्तम चाललंय. हात आता न बघता चालतो. पुढच्या महिन्यात शिकाऊपण संपेल, तेव्हा ठेवायचं की घालवायचं ते ठरेल.

खोलीचं मात्र जमत नाही. ताळगाव, मेरशी, रायबंदर, सगळीकडे फिरले. घरमालक आधी गोड बोलतात, पंखा लावतात, पाणी देतात. मग नोकरी कुठं विचारतात. मी सांगते, आणि लगेच त्यांना आठवतं की खोलीत भाचा राहायला येणार आहे. या गावात भाचे फार दिसतात. मी परगावची, म्हणून असेल.

काळजी करू नका. मी रडत नाही. रडले तरी खोली शोधता शोधता रडते.

तुमची,
तेजस्वी

पणजी,
२७ सप्टेंबर २००९

ती. तात्यांस सा. नमस्कार.

उद्या दसरा. सोनं इथूनच लुटते.

नोकरी पक्की झाली. खोली मिळाली. दोन्ही दिवाळीच्या आधी. कुरुंदवाडच्या पाहुण्यांना कळवून टाका. माणसं चांगली आहेत, त्यांना उगाच ताटकळत ठेवू नका.

आता तिसरी बातमी. ती बसून वाचा, आणि आईला इतक्यात हाक मारू नका.

ते हॉटेल नाही, तात्या. म्हणजे जेवण मिळतं, पण जेवायला म्हणून कुणी येत नाही. तो कॅसिनो आहे. सरकारी परवान्याचा, पण जुगारच. आणि टेबलावर मी जे वाटते, ते पत्ते.

तुम्ही उठून गोठ्याकडं गेला असाल. एक चक्कर मारून या.

आलात? मग पुढचं ऐका. मी खेळत नाही. आम्हाला खेळायला बंदी आहे, सही करून घेतलीय. त्या अख्ख्या बोटीवर पत्त्याच्या नादाला न लागलेली माणसं कोण, तर आम्ही वाटणारी. लोक हरतात तेव्हा मला वाईट वाटतं, वाटत नाही असं म्हणणार नाही. पण काम चोख आहे आणि ते मला येतं. फार चांगलं येतं.

तरी ते जाता जाता राहिलं, आणि त्याला कारण तुम्ही. आमच्या डोक्यावर कॅमेरे असतात. टेबलावरून हात काढला की दोन्ही तळवे उलटसुलट करून कॅमेऱ्याला दाखवायचे आणि मधल्या वेळात अंगाला हात लावायचा नाही. चिप, म्हणजे तिथं पैशाऐवजी चालते ती चकती, कुणी लपवू नये म्हणून. खिसे नसतात तेही त्यासाठीच. याच महिन्यात एका संध्याकाळी बेळगावच्या एका पाहुण्याला लागोपाठ डाव लागले. त्याने आनंदाच्या भरात चिपा अशा ओढल्या की एक खाली पडली, आणि माझा बूट तिला लागला.

दुधाच्या किटलीला पाय लागला तर तुम्ही काय करता? वजनकाट्याला लागला तर? तेच मी केलं. वाकले, चिपेला बोटं लावली आणि ती कपाळाला नेली. अंगाला हात लावायचा नाही हे पहिल्याच दिवशी शिकवलेलं, पण नमस्कार म्हणजे अंगाला हात लावणं हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

मला टेबलावरून उठवलं. आमच्या मॅनेजर बत्रा मॅडम दिल्लीकडच्या आहेत. त्यांनी पडद्यावर दाखवलं. जमिनीकडे गेलेला हात, मग कपाळाला, केसांजवळ. तात्या, ते बघून मीच मला चोर म्हटलं असतं. चिप जागेवर होती, पण नियम मोडलेला होता आणि शिकाऊ पोरीला घरी पाठवायला तेवढं पुरतं. मी सांगितलं की लक्ष्मीला पाय लागला म्हणून नमस्कार केला. त्या म्हणाल्या, रिवाज त्यांनाही माहीत आहे, पण चोरसुद्धा हेच सांगेल. मग त्यांनी विचारलं, हे याआधी किती वेळा केलंस?

मी म्हटलं, "रोज."

 आवाज तुमचा निघाला. मी म्हटलं, मागचं सगळं चित्रण लावा, मी इथंच उभी राहते. लावलं. बोटीत शिरताना मी पायरीला हात लावून कपाळाला नेते. टेबल उघडायच्या आधी त्या हिरव्या कापडाला. पत्ता खाली पडला तर त्याला. दर वेळी हात रिकामा. हे सगळं बघताना त्यांनी माझं पत्ते वाटणं आणि जिंकणाऱ्यांचे पैसे चुकते करणं बघितलं, एकही हिशेब चुकलेला नव्हता. शेवटी त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, "आधी कॅमेऱ्याला हात दाखव, मग देवाला."

पक्कं झाल्याचं पत्र त्याच आठवड्यात मिळालं. आता नवीन पोरांना शिकवताना माझं ते चित्रण दाखवतात. मोठ्या रकमांचं टेबलही मला दिलंय.

पत्र हातात आलं तशी मी खोली बघायला निघाले. या वेळी सांताक्रूझला, फिलोमिनाबाई म्हणून एक विधवा बाई आहेत त्यांच्याकडे. बाळासोदादा वाटेत म्हणाला, "तेजे, खरं सांगशील तर हितंबी भाचा निघंल. नुसतं हाटेल म्हण आन् मोकळी हो. तात्यास्नी त्येच न्हाईस का सांगितलं?"

ते मला फार लागलं. मी बाईंना सरळ सांगितलं, कॅसिनोत पत्ते वाटते, रात्रीची येते, पहाटे झोपते. बाई म्हणाल्या, त्यांच्या नवऱ्याचा जन्म जहाजाच्या भटारखान्यात गेला, कोण केव्हा झोपतं हे त्यांनी कधी कुणाला विचारलेलं नाही. मला एवढंच विचारलं की कुत्र्याला भितेस का. खोलीला दोन खिडक्या आहेत, मागं फणस आहे, आणि किल्ली माझ्या एकटीकडे आहे.

परक्या बाईला खरं सांगितलं आणि तुम्हाला नाही, हे त्या रात्रीपासून घास घेऊ देईना. फसवलं, त्याची माफी मागते. नोकरीची मागत नाही.

दिवाळीत बोट भरलेली असते, मला सुट्टी मिळणार नाही. तेव्हा तुम्हीच या, आईला घेऊन, बाळासोदादाच्या गाडीनं. रागावून आलात तरी चालेल, पण या. घ्यायला मी येईन आणि गणवेशातच येईन. पोरगी काय करते असं पारावर कुणी विचारलं, तर तुम्हाला डोळ्यांनी बघितलेलं सांगता यावं.

तुमचं नाव लावणारी,
तेजस्वी जोतीराम चौगले,
कॅसिनोत पत्ते वाटते.