बेसमेंटमधल्या सिंकचा वास

बाबा, आई शनिवारी कायमची गावी परत जाते आहे आणि तिला कसं थांबवावं ते मला कळत नाही. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी विचारायला दुसरं कुणी सुचलं नाही.

कॅनडात, एडमंटनच्या या घरात तिची खोली बेसमेंटमध्ये आहे. गुडघ्यांमुळे तिला जिना चढवत नाही. चहासाठी वर यावं लागू नये म्हणून जुन्या मालकाने बारसाठी ठेवलेल्या कोपऱ्यात मी स्वतः सिंक बसवलं. नवरा म्हणाला, "प्लंबरला कॉल करू या ना." मी म्हटलं, "मी प्लंबरचीच मुलगी आहे." केवढा तोरा! सुट्टीत तुमच्यासोबत कामावर यायचे, पाने-पक्कड हातात द्यायचे, तेवढ्यावर. एकदा मी आवळलेला सांधा गळला आणि मी पाइपला नावं ठेवली, तेव्हा तुम्ही घरमालकासमोर ओरडलात, "पाइपले काय म्हणतं? आधी आपला हात पाह्य." मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते.

सिंक सुरू झालं आणि आठवड्यात आई म्हणाली, "पोरी, इथं गटाराचा वास येऊन राहिला." मी म्हटलं, "तुला भास होतो, आई." चार-पाच वेळा म्हटलं. मग ती हिंगाची डबी हुंगून बघायला लागली, कांदा हुंगायला लागली, नाक ठीक आहे की नाही म्हणून. पुढे वासाबद्दल बोलणंच सोडलं. परवा म्हणाली, "माहं डोकं आता काम नाही करत. पुरतं फिरायच्या आधी मले घरी पाठव." तिथे तिला बघणारं कोण आहे, बाबा? कुणीच नाही.

आज सकाळी शेवटी प्लंबर बोलावला. पंजाबी होता. त्याने सिंक भरून सोडलं, गुडगुड आवाज ऐकला आणि म्हणाला, "बहनजी, इसका वेंट कहाँ है? हवा नहीं मिलेगी तो ट्रॅप का पानी खिंच जाएगा, फिर गॅस ऊपर आएगी." आपल्याकडे सिंकचा पाइप खाली नहाणीच्या जाळीवर मोकळा सुटायचा, हवा आपोआप मिळायची. इथे सगळं बंद भिंतीत. मी तुम्ही द्यायचात तसा पाइपला ढाळ दिला, पाणी धरून वास अडवणारा वाकडा ट्रॅप बसवला आणि हवेचा विचारच केला नाही.

हवेचा पाइप घालायला तो उद्या भिंत फोडणार आहे. आई खाली बॅग भरते आहे. तिचं डोकं शाबूत आहे, एवढंच जाऊन सांगायचं, तर दोनदा अर्ध्या जिन्यावरून परत आले. ती विचारेल, "तुले नव्हता येत वास?" हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून तुम्हाला सांगते. मला पहिल्या दिवसापासून येत होता.