झोपलेले साप

२ मार्च, रविवार, मॉरिसव्हिल
आणलं: सापशिडी १ — सहा डॉलर. फुलांचे स्टिकर — सव्वा डॉलर. कोथिंबीर, केळी — अडीच.
विनय म्हणाला, "आई, अहिल्यासाठी खेळ तूच निवड." दुकानात सूनबाईंनी, आश्लेषाने, तीन डबे पुढे केले. एकात चित्रांच्या जोड्या आठवायच्या. एकात मनोरा रचायचा — पाडला तो हरला! पाच वर्षांची नात, हरून रडली तर? सापशिडी ओळखीची. स्वस्तही. हे गेल्यापासून सांगलीच्या घरात फासा कोणी हातात घेतला नाही.

३ मार्च, सोमवार
शंकराचा वार, आणि अठ्ठ्याण्णववर नागाने नातीला गिळावं? मनाला पटेना. एकेका सापाच्या तोंडावर फूल चिकटवलं. सांगितलं, साप झोपलेत, उठवायचं नाही. "ओके आजी! श्श्श!" शिड्या मात्र चालू. शिवाय ती लिंबूटिंबू — हवं ते दान पडेपर्यंत फासा टाकायचा. आमच्या घरी धाकटं पोर लिंबूटिंबूच असायचं. खेळात असतं, पण बाद होत नाही.

८ मार्च
एकदाही हरली नाही. विनय म्हणतो, "मला नाही कधी जिंकू दिलंस!" म्हटलं, तू मुलगा, ही नात.

१५ मार्च, शनिवार
काय करून बसले मी!
अहिल्या शेजारच्या रत्नाच्या ऋषीकडे गेली होती. तिथेही सापशिडीच निघाली. साप आला तशी ही म्हणाली, "ही इज स्लीपिंग." तो म्हणाला, "नो! यू गो डाउन. यू आर चीटिंग." हिने पट फेकला. कोपरा त्याच्या भुवईला लागला. रत्ना हिला सोडायला आली, आवाज चढवला नाही — "काकू, थोडे दिवस राहू दे हं खेळायचं."
आजूबाजूला हिच्या वयाचं दुसरं पोर नाही. तेवढा एकच मित्र.
अंथरुणात विचारते, "आजी, आय ॲम नॉट अ चीटर, ना?" चीटिंग मी केलं, असं म्हणायचं होतं. जीभ रेटेना.

१६ मार्च
देवापुढे बसले, मन लागेना. आश्लेषा रागावली असती तर बरं होतं. एवढंच म्हणाली, "आई, हरायचं ते आधी घरात. इथे जवळ घ्यायला तुम्ही असता."

१७ मार्च, सोमवार
उपास. फुलं सोलून काढली. एका सापाचा जबडा फाटला. अहिल्याला सांगितलं — साप जागे झालेत, आणि चीटिंग तू नाही, आजीने केलं.
हरली. टेबलाखाली जाऊन बसली. "आय हेट यू, आजी."

१८ मार्च
हरली. रडली. पण कुशीत आली.

२० मार्च
मी हरले! अठ्ठ्याण्णववरून थेट खाली. टाळ्या पिटून हसली, मग माझं तोंड बघून जवळ आली. "आजी, आर यू सॅड?"

२२ मार्च, शनिवार
आपला पट काखोटीला मारून स्वतः ऋषीच्या दारात गेली. मागे मी, शंकरपाळ्यांचा डबा घेऊन. "सॉरी. माय स्नेक्स आर अवेक नाउ." ऋषीने पटाकडे बघितलं, मग आईकडे. रत्नाने दार पुरतं उघडलं — "या काकू, चहा टाकते."
दोन डाव हरली. ओठ थरथरला, पण फासा पुन्हा उचलला. मी चहाचा कप तसाच धरून बसले होते. इतके दिवस नातीशी खेळतेय असं समजत होते. साप जागे होईपर्यंत खेळलेच नव्हते. आणि आता सांगलीला निघायची वेळ आली.

२८ मार्च, शुक्रवार
उद्या विमान. बॅगेत साड्यांखाली पट सापडला. सगळ्या सापांवर पुन्हा फुलं — वाकडी, एकावर एक.
"आजी, सांगलीला तू एकटीच ना? सो तू लिंबूटिंबू."
दारापर्यंत गेली, परत वळली. "कोणाशी खेळलीस ते मला लगेच लिहून पाठव. फोन नको. स्टॅम्पवालं."