तिसरा अंक मी लिहिलेला नाही

३ फेब्रुवारी १९३३, श्रीवर्धन

तिसरा अंक बदलला! मालकांनी — दिनानाथरावांनी — तालमीत नवी पानं हातात ठेवली. विधवा नायिका आता पुन्हा लग्न करणार नाही. विहिरीत जीव देणार. ‘शिवदास, तू मरताना असा रड, की बायकांना घरी जाऊन जेवण जाऊ नये!’

इतकी वर्षं लुगडं नेसून रंगभूमीवर उभा राहतोय. पण असं मरायला मन होईना.

४ फेब्रुवारी

लेखिका आल्या! मनुबाई — इथल्याच मुलींच्या शाळेत शिकवतात. नाटकाचे हक्क त्यांनी मागेच मालकांना लिहून दिलेत, सगळेच. मला वाटलं, रडतील. छे!

‘शेवट बदलता, तर माझं नाव काढा.’

मालक हसले. ‘लोक तुमच्या नावाला येतात, बाई. आणि कायदा माझ्या बाजूला आहे.’

तशाच उठून वकिलांकडे गेल्या. वकील म्हणाले — हक्क दिलेत, आता बदल अडवणं कठीण. नावासाठी भांडता येईल, पण निकाल लागेपर्यंत नाटकमंडळी कुठल्या कुठे जाईल.

५ फेब्रुवारी

आज प्रयोग. रंग लावून बाहेर डोकावलो तर मनुबाई मांडवाच्या दारात! आत येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून एकच — ‘तिसरा अंक मी लिहिलेला नाही.’

मालक धावले. ‘बाई, धंदा बुडवता माझा?’

‘नाटक तुमचंच आहे. माझं काय नाही, तेवढं सांगते.’

आवाज चढला नाही. डोळ्यांत पाणी नाही.

सुपारीच्या वाडीत काम करणारी ठमी थांबली. ‘मंग तुमच्यात ती काय करते, बाय?’

‘लग्न.’

‘व्हय? मंग मारतात कशाला तिला?’

तिसऱ्या अंकात विहिरीशी उभा राहिलो. नवी पानं पाठ होती. तोंडातून निघालं मात्र मनुबाईंचं — ‘मरायला कसला धीर, आत्या? धीर लागतो उद्या उठून चूल पेटवायला!’ नायक गडबडला, मग तोही जुनंच बोलू लागला. प्रेक्षकांत मागून ठमीचा आवाज — ‘हां! आता कसं!’ मांडव टाळ्यांनी दणाणला.

६ फेब्रुवारी

मला काढून टाकलं.

मनुबाईंकडे गेलो. वाटलं, पाठ थोपटतील. म्हणाल्या, ‘नाटक त्यांचं. त्यांना न विचारता तुम्ही बदललंत. माझ्याशी झालं, तेच त्यांच्याशी झालं.’

मान खाली गेली. मग त्यांनीच चहा पुढे केला. ‘ते वाक्य मात्र फार छान म्हणालात हो.’

काय बाई आहे!

१९ एप्रिल

मनुबाईंनी नवं नाटक वाचून दाखवलं. पहिल्यापेक्षा सरस! हक्क विकणार नाहीत, स्वतःच मंडळी काढणार. शाळेचा राजीनामाही दिला.

‘नायिका मला जमेल,’ मी घाईघाईने म्हणालो.

‘ती मी करणार.’

बाईमाणूस — रंगभूमीवर — श्रीवर्धनात!

‘आणि मी?’

‘तुम्ही मिशी वाढवा.’