पुढची खोली आणि ड्रेसचं कपाट

मी, मालूबाई यादव निकुंभ, वय बहात्तर, धंदा शिलाई, राहणार इतवारा, बऱ्हाणपूर, मध्य प्रदेश, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या मर्जीने आणि सकाळच्या उजेडात लिहीत आहे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. दडपण आणू शकेल असा एकच माणूस होता, माझे यजमान यादव. ते बारा वर्षांपूर्वी वारले आणि त्यांनीही कधी फार प्रयत्न केला नव्हता. डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. त्यात साखर वाढली आहे असं लिहिलंय, डोकं बिघडलं आहे असं लिहिलेलं नाही. याआधी चार कच्चे कागद केले होते, ते फाडले आहेत. त्यांचे तुकडे कोणी जोडत बसू नये. हाच कागद खरा धरावा.

आमचे वकील योगेंद्र यांचं म्हणणं होतं की इथली कचेरी हिंदीत चालते, हिंदीत लिहा. मी सांगितलं, गिऱ्हाइकांशी मी हिंदीत बोलले, पण घरात भांडले ती मराठीत, आणि हे घरातलं भांडण आहे. त्यांनी मान हलवली आणि कलमं कशी पाडायची ते दाखवून दिलं.

कलम एक. इतवाऱ्यातलं दुमजली घर माझ्या स्वकष्टाची मिळकत आहे, वडिलोपार्जित नाही. कागद माझ्या नावाचे आहेत. वरचा मजला, खालचं स्वयंपाकघर, मागची मोरी आणि गच्ची हे सगळं माझा एकुलता एक मुलगा मयूर याला मालकी हक्काने मिळावं. गच्चीचा पत्रा पश्चिमेला गळतो. तो मी मुद्दाम दुरुस्त केलेला नाही, कारण दरवर्षी डांबर लावून भागतं. मयूर नवीन पत्रा घालेल हे मला माहीत आहे. घालावा, पण जुना भंगारात देऊ नये, कोणाच्या तरी गोठ्याला होईल.

कलम दोन. बँकेच्या पासबुकात जे काही निघेल त्यातून माझी क्रिया करावी, उरेल ते मयूरचं. तेराव्याला वरण, भात, एक भाजी आणि शिरा, एवढंच करावं. मी मे किंवा जून महिन्यात गेले तर दुकान तीन दिवसांपेक्षा जास्त बंद ठेवू नये. शाळा उघडतात आणि पोरांचे ड्रेस अडकतात. सुतक घराला आहे, मशीनला नाही.

कलम तीन. माझ्या सोन्याच्या पाटल्या सून वैजयंती हिला द्याव्यात. मयूरला वाटेल रीत म्हणून दिल्या, तर तसं नाही. गेली नऊ वर्षं दर मे महिन्यात इंदोरहून बसने माझ्याकडे एक पोतं येतं. त्यात तिकडच्या सोसायटीतल्या मुलांचे लहान झालेले शाळेचे कपडे असतात, धुतलेले आणि घडी घातलेले. वैजयंती ते घरोघरी जाऊन गोळा करते. नवऱ्याला तिने हे कधी सांगितलं नाही आणि मला सुद्धा फोनवर एवढंच म्हणते की आई, सामान चढवलंय. सुनेबद्दल मी पहिली दोन-तीन वर्षं जे जे बोलले ते परत घेते.

कलम चार, दिगंबरसेठ यांच्याविषयी. केळीच्या व्यापारातून त्यांच्याकडे पैसा आला, चांगली गोष्ट आहे. टाळेबंदीच्या आदल्या वर्षी त्यांनी माझ्याकडे पांढऱ्या कापडाचे चार तागे पाठवले आणि निरोप दिला की यातून गरीब पोरांना शाळेचे शर्ट द्यावेत आणि प्रत्येक शर्टाच्या खिशावर त्यांचं नाव शिवावं. मी तागे हातगाडीवर घालून परत पाठवले. त्यांनी गल्लीभर सांगितलं की बाईला माज आहे. मला माज आहेच. त्यांना मी माफ केलेलं नाही आणि मरताना करीन असंही वाटत नाही. मात्र त्यांचा बंद गळ्याचा कोट त्या भांडणाआधी शिवायला घेतला होता, तो तयार आहे आणि आतल्या खुंटीवर आहे. शिलाई घेऊ नये. पुढच्या दिवाळीपर्यंत नेला नाही तर उसवून त्यातून दोन पोरांच्या हाफ पँट काढाव्यात, कापड चांगलं आहे.

आता कलम पाच. याच्यासाठीच हा कागद लिहायला घेतला आहे.

रस्त्याला लागून असलेली पुढची खोली, म्हणजे माझं दुकान, दोन्ही मशीन, कात्र्या, इस्त्री, कापायचं टेबल आणि भिंतीतलं ड्रेसचं कपाट, हे सगळं मी रंजिता हिला मालकी हक्काने देत आहे. रंजिता मागच्या गल्लीत राहते, वय तेहतीस, आमच्या नात्याची नाही. माझी नजर अधू झाल्यापासून तीन वर्षं दुपारी येऊन बारीक काम तीच करते.

मयूरला हे मान्य नाही. होळीला आला तेव्हा आम्ही दोघं याच खोलीत बसलो होतो. तो म्हणाला, मोबाइलच्या दुकानवाला या जागेला मागू ती किंमत द्यायला तयार आहे. मग म्हणाला, "आई, बाहेरच्या बाईला पुढचा कमरा? तिला मशीन देऊन टाक ना, बात खतम. आणि तू चल माझ्यासोबत इंदोरला." तो वाईट बोलला नाही. त्याला आईची काळजी आहे. पण त्या कपाटाचं काय करायचं, हे त्याने विचारलं नाही.

योगेंद्र वकिलांनी सांगितलं, मुलगा असताना परक्या बाईला खोली दिली तर उद्या कोर्ट विचारेल की का दिली. कारण लिहा, सविस्तर लिहा, नाहीतर कागद टिकणार नाही. माझी अडचण तिथेच झाली. कारण त्या कपाटाचा एकच नियम आहे की त्यातून कोणाला काय गेलं ते कधीही, कुठेही सांगायचं नाही. मी तीन वेळा कारण न लिहिता कागद केला आणि तिन्ही वेळा वकिलांनी परत दिला. म्हणून आधी कपाटाची हकीकत लिहिते.

बत्तीस वर्षांपूर्वी आमच्या मागचे दोन लूमचे कारखाने एकाच उन्हाळ्यात बंद पडले. दिवसभर खडखड चालायची ती थांबली आणि गल्लीला कान दुखल्यासारखं झालं. आमच्या घरात काळा चहा सुरू झाला, एका भाजीत दोन वेळा भागू लागलं. त्याचं मला काही वाटलं नाही, काटकसरीची मला लाज कधीच नव्हती. पण जूनमध्ये शाळा उघडली आणि शेजारची सात-आठ पोरं घरीच दिसली. ड्रेस नव्हता म्हणून. यादव म्हणाले, जुने गोळा करून वाटून टाकू. मी म्हटलं, वाटलेलं कोणी घेणार नाही, शिवलेलं घेतील.

तेव्हापासून असं चालतं. मूल वाढलं की आई त्याचे कपडे माझ्याकडे आणते. मी ते पूर्ण उसवते, कॉलर उलटवते, खिसा बदलते, नीळ घालून धुते आणि पुन्हा शिवते. ज्या बाईला गरज आहे ती भर दुपारी चारचौघींसारखी पोराला घेऊन येते आणि म्हणते, माप घ्या. मी टेपने माप घेते, वहीत लिहिते, आठ दिवसांनी या म्हणते. शर्ट कपाटात तयारच असतो, पण नव्याला आठ दिवस लागतात म्हणून त्यालाही आठ दिवस. नव्याबरोबर त्याच दोरीवर टांगायचा, त्याच कागदात बांधायचा. ज्याला जमेल त्याने शिलाई द्यावी, नाही जमलं तर मी दुसरीकडे बघते.

हे गुपित किती पक्कं राहिलं ते मला टाळेबंदीत कळलं. तेव्हा सगळेच लूम थांबले, माझंही काम थांबलं. चौथ्या दिवसापासून कोणी ना कोणी बाई दाराशी यायची. मूठभर डाळ, दोन वांगी, वाटीभर तेल ठेवून जायची आणि हळूच सांगायची की मावशी, तुम्ही आमच्या पोराला नागडं राहू दिलं नाही, कोणाला बोलू नका. अशा एकोणीस जणी आल्या. प्रत्येकीला वाटत होतं की कपाटातलं नेणारं आपलंच घर तेवढं. आलेलं सामान एकत्र करून मी याच खोलीत मोठ्या पातेल्यात खिचडी लावली आणि दीड महिना गल्ली जेवली. माझं पोट तेव्हा त्या बायकांनी भरलं, हे मयूरने नीट वाचावं.

आणि मयूर, आणखी एक वाच. आठवीपर्यंत तू शाळेत घातलेला एकही शर्ट नव्या कापडाचा नव्हता. तुझं माप घ्यायची मी, आणि आठ दिवस थांबवायची. तुला ते आजवर कळलं नाही. माझ्या कामाचं एवढं एक सर्टिफिकेट माझ्याकडे आहे.

पण एकदा माझी चूक झाली आणि ती माझ्या काटकसरीनेच केली. रंजिता सहावीत होती. तिच्या वडिलांचं काम सुटलं होतं. तिच्यासाठी मी एक शर्ट तयार केला. सगळं बदललं, पण वरून दुसरं बटण शिंपल्याचं होतं. मूळच्या मुलीच्या आईने तुटलेल्याच्या जागी घरचं लावलेलं असावं. इतकं चांगलं बटण काढून साधं लावायला माझा हात धजेना. वर्गातल्या त्या मुलीने ते पहिल्याच दिवशी ओळखलं आणि सगळ्यांसमोर रंजिताला उभं करून सांगितलं की हा माझा उतरलेला शर्ट आहे, बटण बघा. रंजिता मधल्या सुट्टीत घरी आली. शर्ट घडी करून माझ्या पायरीवर ठेवून गेली. त्या वर्षी ती पुन्हा शाळेत गेली नाही. मी नवीन कापडाचा शिवून घेऊन गेले, तिने हात लावला नाही. मी बारा आण्यांचं बटण वाचवलं आणि एका मुलीचं वर्ष घालवलं. याचं मला आजही वाईट वाटतं, रोज वाटतं.

पुढच्या जूनमध्ये ती आपणहून आली. म्हणाली, कपाटातलाच द्या, पण मी माझ्या हाताने उसवीन आणि माझ्या हाताने बटणं लावीन. तिने तसं केलं, शाळेत गेली, बारावी झाली. शिवणं ती त्या एका शर्टावर शिकली असं मी मानते.

आता कारण. मागच्या आठवड्यात मी रंजिताला समोर बसवलं आणि हा कागद वाचून दाखवला. त्यात त्या दुसऱ्या मुलीचं नावही लिहिलेलं होतं, आडनावासकट. मी म्हटलं, तुझी गोष्ट लिहिली तर कोर्टात चारजण वाचतील. नको म्हणालीस तर कागद फाडते, मग खोलीचं जे व्हायचं ते होईल. ती शर्टाला काजं करत होती. हातातलं काज पूर्ण केलं आणि म्हणाली, "मावशी, माझं नाव लिहा. मले काय शरम? पण तिचं काटून टाका."

मी विचारलं, तिची एवढी कड कशाला घेतेस.

तिने मान वर केली नाही. "दोन साल झाले, तिच्या घरचं काम सुटलं. तिचा पोरगा आपल्याच कपाटातला शर्ट घालून शाळेत जातो. माप मीच घेते. तुमाले पण नव्हतं सांगितलं."

कोर्टाला कारण हवं होतं, ते हे आहे. दोन वर्षं ती या खोलीत माझ्या शेजारी बसून ते माप घेत होती आणि मला पत्ता लागू दिला नाही. मी ते नाव काढून हा कागद पहिल्यापासून पुन्हा लिहिला आहे. योगेंद्र म्हणतात, मालकी दिली की खोली विकू नको अशी अट टिकत नाही. म्हणून मी रंजितावर एकही अट घालत नाही. मयूर किंवा इतर कोणी या कलमाला हरकत घेऊ नये, आणि घेतली तरी त्या दुसऱ्या मुलीचं नाव कोणी रंजिताला विचारू नये, ती सांगणार नाही.

हा कागद मी शेवटच्या ओळीपर्यंत स्वतः वाचला. मग खाली नावं असलेल्या दोघांसमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या. या कागदाने दोघांनाही काही मिळत नाही. रंजिताला मिळतं, म्हणून तिची सही घेतलेली नाही. सह्या चालू असताना ती बाहेरच्या दारात एका पोराचं माप घेत होती.

लिहून देणार: मालूबाई यादव निकुंभ (सही)

साक्षीदार: १. उखर्डू महाजन, निवृत्त लूम कारागीर, इतवारा (सही)
२. विमल सोनवणे, निवृत्त शिक्षिका, इतवारा (सही)

ठिकाण: बऱ्हाणपूर, पुढची खोली
दिनांक: १२ मे २०२५