हौदातलं जुनं पाणी

सेंत-ऑर्तांस,
१९ मे २०१९

ती. लिझेतताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र ईस्टरच्या आठवड्यात आलं, उत्तराला महिना लागला. आईने लावलेली रविवारच्या पत्राची सवय मोडू नये म्हणून प्रार्थनेहून आल्यावर बसलो आहे. लिहिण्यासारखं फारसं नाही. मी बरा आहे. लाकडाच्या गिरणीत काम भरपूर आहे. नोएमी शाळेत जाते, येते, जेवते. आम्ही बापलेक एकमेकांशी नीट वागतो.

बर्फ गेलं. काल अंगणातल्या पत्र्याच्या, पोहण्याच्या हौदावरची ताडपत्री काढली. ऑक्टोबरात जोआनने बांधली होती, त्यानंतर पाच आठवड्यांत ती गेली, नोएमी आईवेगळी झाली. गाठी तिच्याच डाव्या हाताच्या होत्या, सोडवायला वेळ लागला. खाली पाणी हिरवं झालंय, पण आहे. पाऊण हौद.

जोआनचा भाऊ रेआल बघून गेला. तो गावातले निम्मे हौद दर वर्षी उघडतो आणि मिटतो, तोंड मात्र कधी मिटत नाही. म्हणाला, हे पाणी नाही, वाटाण्याचं सूप आहे, बेडूकसुद्धा दुसरीकडे जागा बघेल. आतलं प्लास्टिकचं अस्तर बारा वर्षांचं झालंय, कडक पडलंय, सगळं उपसून टाक, नवं घालू. मी नको म्हटलं. त्याने का म्हणून विचारलं. मी म्हटलं, असू दे.

तब्येत सांभाळ. माया आहे तशी ठेव.

तुझा धाकटा,
गेतां

•

रिमूस्की,
२६ मे २०१९

चि. गेतांस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र म्हणजे रेडिओवरच्या हवामानाच्या बातम्या. बर्फ गेलं, पाणी हिरवं. फोनवर तर तू त्याहून कमी बोलतोस, हल्ली उचलतही नाहीस. म्हणून मीही कागदच धरला.

"असू दे" हे उत्तर नव्हे रे बाबा. जोआन असती तर हातात जाळी देऊन तुला त्या शिडीवर उभं केलं असतं. जिला स्वतःला पोहता येत नव्हतं, तिने बारा वर्षं त्या पाण्याची काय बडदास्त ठेवली! रोज संध्याकाळी शिडीपाशी छातीभर पाण्यात उभी राहायची, एकाच जागी, टाच हलवायची नाही, आणि नोएमीला ओरडायची की खोल जाऊ नकोस. सगळीकडे सारख्याच खोल हौदात! मी हसले की माझ्याच अंगावर पाणी उडवायची.

रेआल बडबड्या आहे, पण हौदातलं त्याला कळतं. त्याचं ऐक, निदान का नाही ते मला सांग. आणि पोर पंधरा वर्षांची आहे, तिच्याशी नुसतं नीट वागून भागायचं नाही.

आठवणीने लिही. माझा जीव तुमच्यात आहे.

तुझी,
लिझेत

•

सेंत-ऑर्तांस,
९ जून २०१९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू विचारलंस म्हणून लिहितो. रेआलला सांगू नकोस, तो चारचौघांत बोलेल.

तुला माहीत आहे, इथे हौद कोणी दर वर्षी रिकामा करत नाही. हिवाळ्याआधी पाणी थोडं उतरवायचं, झाकायचं, वसंतात वरून भर घालायची. म्हणजे हे जे खाली आहे ते जोआनचं पाणी आहे. सप्टेंबरात ती यात उभी होती. तिचे कपडे रेआलच्या बायकोने नेले, चर्चमध्ये दिले, मी काही बोललो नाही. तिचा कप नोएमीकडून फुटला, तेव्हाही नाही. हे मात्र उपसवत नाही. मूर्खपणा आहे हे मला कळतं. फादरना सांगितलं, तर ते म्हणाले, यात पाप नाही.

पण अस्तर कुठेतरी फाटलं होतं. मेअखेरीला पाणी रोज दोन बोटं उतरू लागलं. कामावरून आलो की पत्र्यावर पेन्सिलने खूण करायचो. एवढंच करत होतो. जपमाळ घेऊन संत ॲनला सांगितलं की एवढं थांबव. गेल्या सोमवारपासून थांबलं. खूण जागच्या जागी आहे. मी मेणबत्ती लावून आलो.

नोएमी ठीक आहे. जेवण तीच करते. तुला फार विचारते.

लोभ कमी करू नकोस.

गेतां

•

सेंत-ऑर्तांस,
१३ जून २०१९

ती. आत्यास,
सा. न.

फोनवर बोलता येत नाही, रेआलमामा किंवा बाबा आसपास असतात. बाबांना सांगणार नाहीस अशी आधी शपथ घे, मगच पुढे वाच.

पाणी थांबलेलं नाही. मी भरते. शाळेची बस साडेतीनला सोडते, बाबा पाचला येतात. मधल्या वेळात पाईप लावते आणि पेन्सिलच्या खुणेपर्यंत आणून ठेवते. पहिल्या दिवशी फक्त एकदाच म्हणून केलं. बाबा आले, वाकून बघितलं आणि त्या दिवशी दोनदा वाढून घेतलं. शेफर्ड्स पायसारखा आपला तो मका-मांस-बटाट्याचा थर, आईच्या हातचा असायचा तसा झालाही नव्हता. मग मी रोजच भरू लागले.

आता त्यात आईचं पाणी किती उरलंय ते मला माहीत नाही. बहुतेक फार नाही. ते मीच घालवलं, असं वाटतं. पण त्याहून वेगळी भीती आहे. शेडच्या बाजूला खालून वाळू वाहून येते. तिथला पत्रा बाहेर फुगलाय, पत्रा आणि खालची पट्टी यांच्यामधल्या फटीत माझी मूठ जाते. काल तो कुरकुरला. शेजारची लहान मुलं चेंडू आणायला तिकडूनच येतात. सांगावं तर बाबांना सगळंच कळेल. नाही सांगितलं तर पत्रा फुटून सगळं पाणी मुलांवर येईल.

मी काय करू? लवकर लिही. तुझी खूप आठवण येते, तू काहीही केलंस तरी तुझा राग करणार नाही असं आधीच सांगून ठेवते.

तुझी,
नोएमी

•

रिमूस्की,
१७ जून २०१९

चि. गेतांस,
अनेक आशीर्वाद.

पोरीने शपथ घातली होती. मी ती मोडते आहे, त्याचं काय ते मी देवाजवळ बघीन. हे पत्र पोचायच्या आधी रेआल पोचेल, त्याला आताच फोन केला. शेडच्या बाजूचा पत्रा जायला आलाय. शेजाऱ्यांना मुलं आवरायला सांगितलंय.

पाणी संत ॲनने थांबवलं नाही, गेतां. नोएमी रोज शाळेतून आल्यावर भरत होती. तू दोनदा वाढून घ्यावंस म्हणून. तिला वाटतं, आईचं पाणी तिनेच संपवलं. चाळीस वर्षं इस्पितळात काम करताना मी माणसं जाताना पाहिली, मागे राहिलेल्यांना काय सांगायचं ते अजून नीट येत नाही. एवढंच कळतं, की पाण्याचं काही झालं तरी चालेल. पोरीला बोलू नकोस. म्हणजे रागावू नकोस, बोल मात्र.

दोघंही जपा. मला कळवा.

लिझेत

•

सेंत-ऑर्तांस,
७ जुलै २०१९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मला माहीत होतं. तिसऱ्याच दिवशी कळलं, तुला लिहिलं त्याच्याही आधी. पाण्यात हात घातला तर गार होतं, नळाचं. आणि पाईप खुंटीला डावीकडून गुंडाळलेला. मी उजवीकडून गुंडाळतो. डावा हात या घरात मायलेकी दोघींचाच.

मी बोललो नाही. रोज वाकून बघायचो आणि बरं झालं म्हणायचो. तिला वाटत होतं ती मला सांभाळते, मला वाटत होतं मी तिला. मेणबत्ती लावली ती मात्र खोटी नव्हती. पत्र्याचं खरंच कळलं नव्हतं. शेडकडे मी जातच नव्हतो. ती माझी चूक.

रेआल आला, पत्रा बघून पहिल्यांदाच गप्प झाला. पंप लावला. पाणी जोआनने लावलेल्या रुबार्बच्या भाजीच्या वाफ्यातून उतारावर सोडलं. नोएमी आणि मी पायऱ्यांवर बसून होतो. मी तिला म्हटलं की मला ठाऊक होतं. तिने विचारलं, कधीपासून. मी सांगितलं. ती म्हणाली, मग मला उगाच पळत घरी यायला लावलंत रोज. मग रडली. मला रडू आलं नाही, पण मी बसून राहिलो.

नवा पत्रा बसवल्यावर अस्तर कापून काढलं. खाली वाळू घट्ट बसलेली. शिडीपाशी दोन खळगे होते, शेजारी शेजारी, टाचांचे. बारा वर्षं एकाच जागी उभी राहायची जोआन. रेआल थापी घेऊन वाळू सारखी करत आला होता. एवढं करायलाच लागतं, नाहीतर अस्तर नीट बसत नाही. नोएमीने मोजे काढले आणि त्या खळग्यांत उभी राहिली. रेआल थापी ठेवून शेडमागे सिगारेट ओढायला गेला. परत आल्यावर बाकी सगळी वाळू सारखी केली, तेवढी सोडून. म्हणाला, कोणी विचारलं तर हे काम माझं नाही म्हणून सांगा.

अस्तर ताणायला कडक ऊन लागतं. आदल्या दिवशी नोएमीने, आई करायची तशी, ऊन पडावं म्हणून जपमाळ कपड्यांच्या दोरीवर टांगली. ऊन पडलं. पाणी भरायला दीड दिवस लागला. आता ते निळं आहे, गार आहे, नळाचं आहे. नोएमी पोहते. थकली की शिडीपाशी येऊन उभी राहते. मी अजून उतरलो नाही. शिडीपर्यंत जातो.

ऑगस्टमध्ये ये. पोहण्याचे कपडे आण. माझ्या मौनाचा राग न धरता जीव लावत राहा.

तुझा धाकटा,
गेतां

ता. क. पाईप आता मीही डावीकडून गुंडाळतो. नीट जमत नाही. नोएमी सोडवून परत गुंडाळते.