कळप आला की उतरायचं

आप्पा,

तुम्हाला जाऊन आता बावीस वर्षं होतील. तुमच्या हयातीतलीच एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. ती पुन्हा वर आली ती परमुलखात, डोंगरातल्या एका रस्त्यावर.

तुमची नात वेल्समध्ये नर्स आहे. या उन्हाळ्यात तिच्याकडे महिनाभर राहून आलो. जावयाला सायकलचा नाद. त्यानं माझ्यासाठीही एक मागून आणली, इतकी हलकी की एका हातानं उचलावी. तुम्ही वसमतहून माझ्यासाठी आणलेली जुनी सायकल उचलायला दोघं लागायचे. एका सकाळी आम्ही खिंड चढत होतो. दोन्ही बाजूंना रचलेल्या दगडांचे गडगे, वर उघडे हिरवे डोंगर, तासाभरात एखादी मोटार. माथ्यावर देऊळ नव्हतं, तरी मी हात जोडले. पलीकडे लांबलचक उतार, आणि निम्म्या उतारावर मेंढ्या. पाठीवर निळी खूण, आपण गेरूची करायचो तशी. मेंढपाळ नाही, कुत्रं नाही. पिलं पोटाशी घेऊन रस्त्यातच बसलेल्या.

मी उतरलो आणि सायकल हातात धरून कडेकडेनं चालू लागलो. जावई हळूच बाजूनं पुढे गेला होता. तिथून ओरडला, "मामा, काहून उतरलात? हिंगोलीची एसटी हाय का, दिसंल तिथं थांबायला?"

"आमच्या आप्पांची शिस्त आहे," मी म्हणालो.

"मंग मेंढरायला तिकिटं फाडा अन् या!"

घरी त्यानं हे कौतुकानं सांगितलं. तुमच्या नातीलाही बरं वाटलं. मी चहा पीत राहिलो.

शिस्त तुमचीच. सायकल दिली त्या दिवशी तुम्ही एवढंच बोललात, "कळप आला का खाली उतरायचं. तू ब्रेक मारशील, मेंढरं काय मारतेत?" मी तेव्हा आठवीत. शाळेच्या वाटेवर छोटा घाट होता. एका दुपारी शाळा सुटून मी घाट उतरतोय, कानात वारं भरलंय. पुढे आपलाच कळप, कळपामागे आपलं काळं कुत्रं, तुम्ही पार पुढे वळणाआड. उतरलो तर वेग जाईल, एवढंच माझ्या मनात आहे. घंटी वाजवत मी मधोमध घुसलो. कळप फाटला. निम्मी मेंढरं कडेला पळाली आणि गाभण मेंढी, जी तुमचा हात चाटल्याशिवाय मेंढरांच्या वाड्यात शिरत नसे, ती खाली नाल्यात पडली. तुम्ही धावत आलात. तुम्ही काही विचारायच्या आत मी म्हणालो, "कुत्र्यानं उधळली."

मेंढी संध्याकाळपर्यंत जगली. मेंढरं उधळणारं कुत्रं राखणीला ठेवायचं नाही, ही आपल्यातली रीत. तुम्ही ते कळमनुरीकडच्या पाहुण्यांकडे नेऊन दिलं. ते दोनदा परत आलं, पंजे सोलून, आणि येऊन वाड्याच्या तोंडाशी आपल्या जागी बसलं. आई म्हणाली, "इमानी हाय, राहू द्या की." तुम्ही त्याला भाकर घातली, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणालात, "इमानी हाय. पर भरोसा कसा धरू?" मी तिथंच जेवत होतो. तुम्ही पुन्हा नेऊन सोडलं. तिसऱ्यांदा ते आलं नाही.

तेव्हापासून मी कळप दिसला की उतरतो. लोक म्हणतात, मेंढपाळाचं रक्त आहे. दर सोमवारी नागनाथाला जातो, तिथं हे किती वेळा तरी बोलून झालं आहे. देव ऐकून घेतो, उलटून विचारत नाही, म्हणून तिथं जमतं. तुमच्या शेवटच्या दुखण्यात रोज तुमचे पाय चेपत बसायचो. एकदा तुम्हीच त्या कुत्र्याचा विषय काढलात, तर मी पाणी आणायला उठलो.

हे लेकीला फोनवर वाचून दाखवावं असं दोनदा मनात आलं. दाखवलं नाही.

त्या दिवशी वळणावरून तुम्ही कुत्र्याला मेंढरांमागं पळताना पाहिलंत, म्हणून माझं बोलणं तुम्हाला लगेच पटलं. आप्पा, ते त्यांना वळवून तुमच्याकडे आणत होतं.