आज सकाळी बेतलेल्या गोधडीविषयी

मी, कालिपा असानबाय-कीझी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, राहणार सारी-बुलुन, कोचकोर खोरे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर राहून लिहीत आहे. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही; आणायची कोणाची टाप आहे! गुरुवारी बिश्केकला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "आजी, घाबरू नका." मी कशाला घाबरू? पण आज सकाळीच मी नवी गोधडी बेतली आहे आणि तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. चित्त थाऱ्यावर नसणं वेगळं आणि शुद्ध हरपणं वेगळं, हे ग्रामसचिवांनी ध्यानात घ्यावं.

कलम १. राहते घर, अंगण, सफरचंदाची झाडे आणि गोठा धाकटा मुलगा तालाय याला मिळावा. चूल धाकट्याकडे जाते, ही आपली रीत आहे. थोरल्या मेलिसने कुरकुर करू नये. त्याला त्याच्या बापाचं खोगीर आणि करडी घोडी देत आहे. शहरात ती कुठे बांधायची ते त्याचं त्याने बघावं.

कलम २. माझ्या नावावर जी काही शिल्लक आहे ती मयताच्या खर्चाला वापरावी. आलेल्या बायकांना जिरतिश म्हणून जे कापड फाडून वाटायचं, ते माझ्याच पेटीतलं असावं. बाजारातलं चमचमतं नायलॉन कोणी आणलं तर मी तिथल्या तिथे उठून बसेन. म्हातारी माणसं आपलं उरलेलं आयुष्य त्या तुकड्यात ठेवून जातात म्हणून बायका तो तुकडा जपतात, पोराबाळांच्या पांघरुणात जोडतात. नायलॉनमध्ये कोणाचं आयुष्य टिकलंय?

कलम ३. हाताने फिरवायचं काळं शिलाई मशीन, दोन्ही कात्र्या आणि खिडकीवरची दोरी माझी सून पेरिझात हिला. दोरीचा खुलासा करते, म्हणजे मागाहून कोणी तिच्यावर मोजे वाळत घालणार नाही. घरात जेवढ्या गोधड्या चालू आहेत, त्या प्रत्येकीची एकेक चिंधी या दोरीला चिमट्याने लावलेली आहे. दाराकडच्या टोकाला नुसत्या बेतलेल्या. मध्ये, तुकडे जोडून झालेल्या. चुलीकडे, लोकर भरून टाके घालायला घेतलेल्या. काम पुढे सरकलं की चिंधी पुढे सरकते.

पेरिझात म्हणाली होती, "आई, त्यापेक्षा फोटो काढून फोनमध्ये ठेवूया ना."

"फोनवर हात फिरवून कापडाचा पोत कळतो का गं?"

"पोत नाही कळत, पण अस्तर कुठल्या पोत्यात कोंबलंय ते तरी कळेल!"

मागच्या हिवाळ्यात हरवलेलं निळं अस्तर तिच्या फोनमुळेच सापडलं, हे मी लेखी मान्य करते. तोंडाने करणार नाही.

कलम ४. माझ्या थोरल्या जाऊबाई जूराकान यांना काहीही नाही. सासूबाई गेल्या तेव्हा जिरतिशाच्या लाल मखमलीला आम्ही दोघींनी एकदमच हात घातला आणि भर मयतात तिचे उभे दोन तुकडे झाले. खेचलं कोणी, यावर आमचं आजतागायत एकमत नाही. सण-समारंभात आम्ही एकमेकींना चहा देतो, पण पेला हातात न देता पुढ्यात ठेवतो. साक्षीदार म्हणून त्यांनाच बोलावलं आहे, म्हणजे आपल्याला काही नाही हे त्या स्वतःच्या कानांनी ऐकतील.

कलम ५. आता मुख्य गोष्ट. बाकीची कलमं मी घाईघाईने उरकली ती हिच्यासाठी! आज सकाळी बेतलेली गोधडी लहान आहे. किती लहान, ते विचारू नये. ती एका पाहुण्यासाठी आहे. कोण पाहुणा, कधी येणार, हे मी लिहिणार नाही. आलेला नसताना त्याच्यासाठी सुईत दोरा ओवू नये, असं आपल्यात मानतात, आणि मी ओवला आहे. काय करू, हात शिवशिवत होते! पेरिझात दोनदा दवाखान्यातून रिकाम्या हातांनी परत आली. या खेपेला डॉक्टरीणबाई हसून बोलल्या. यापुढे मी काही लिहीत नाही, ज्याला कळायचं त्याला कळलं.

नव्वदी गाठून गेलेल्या ज्या ज्या म्हाताऱ्यांच्या मयताला मी गेले, त्यांची सगळी जिरतिशं आज पेटीतून काढली. हिरवं, केशरी, फुलाफुलांचं! ताविजासारखे त्रिकोण कापले, चटईवर मांडले आणि लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवल्या. कोंबड्या बुजल्या.

मी परत आले नाही तर ही गोधडी अर्धवट राहता कामा नये. एवढीच एक धास्ती आहे मला. पाहुण्याच्या अंगावर अर्धवट काम नको. पेरिझातने तिला हात लावायचा नाही, तिने तर ती बघायचीही नाही. या खोऱ्यात असा बारीक, एकसारखा टाका घालणारी माझ्यानंतर एकच बाई आहे. म्हणून सदर गोधडी, त्रिकोण, अस्तर आणि पिंजलेली लोकर यांसह, जूराकान यांना मिळावी. कलम ४ मधील "काहीही नाही" हे शब्द तेवढ्यापुरते ढिले समजावेत.

दुरुस्ती, त्याच दिवशी दुपारी. जाऊबाई आल्या. पेरिझात गोठ्यात होती. शेजारचे मधमाश्यावाले ओसमोन दुसरे साक्षीदार म्हणून बसले होते. जाऊबाईंनी कागद नाकाशी धरून सगळा वाचला आणि पेन मागितलं.

ओसमोन म्हणाले, "काकू, ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही."

"मला काय मिळतंय?"

"गोधडी. या गेल्यावर."

जाऊबाईंनी पेन आपटलं. "या गेल्यावर? म्हणजे मी आता हिच्या मरणाची वाट बघत बसू? कालिपा, अक्कल गहाण टाकलीस का? ऊठ, आण ती इकडे!"

मी आणली. त्यांनी हात फिरवला आणि एका त्रिकोणावर बोट ठेवलं.

"हा त्रिकोण उलटा ठेवलायस."

"उलटा नाही, तो तसाच असतो!"

"बरं, असेल." आयुष्यात पहिल्यांदा त्या मला "बरं" म्हणाल्या. मग डोळे पुसून दटावलं, "ऐक. या कडेपासून मी निम्मी शिवीन. पुढे एक टाकासुद्धा घालणार नाही, पाहुणा दारात येऊन रडला तरी नाही. तुझी बाजू तुझी. बिश्केकहून ये आणि पुरी कर."

"आणि नाही आले तर?"

"तर अर्धवट काम टाकून गेलीस, असं गावभर सांगेन."

हे मला कदापि परवडणार नाही. सबब कलम ५ रद्द करण्यात येत आहे. सदर गोधडी माझी एकटीची राहिलेली नसल्याने ती कोणाला देण्याचा मला अधिकार नाही, आणि जाऊबाईंना साक्षीदार होण्यास कसलीही आडकाठी नाही.

लिहून देणार: कालिपा असानबाय-कीझी
स्थळ: सारी-बुलुन. दिनांक: २२ सप्टेंबर २०१९.

साक्षीदार:
१. ओसमोन, मधमाश्यावाले
२. जूराकान, थोरली जाऊ (लवकर उरका, माझी सुई ओवून झाली आहे.)